एकोण म्हंजे कोण?

प्रभुलिंग हुक्केरी यांच्या हातून एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकही आवक क्रमांक चुकला नव्हता. सरकारी कचेरीतलं आवक-जावक टेबल म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या वाक्याचं वजन कळायचं नाही. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी या टेबलावर येतो, त्याच्यावर शिक्का बसतो, शिक्क्यात क्रमांक पडतो, आणि मग तो कागद जन्माला आला असं धरतात. तोवर तो नुसता कागद. साहेब आले, साहेब गेले, कचेरीला दोनदा रंग लागला, पण प्रभुलिंगांच्या रजिस्टरात खाडाखोड झाली नाही. खाडाखोड झालीच तर चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि त्याला लागून छोटी सही करायची, असा नियम आहे. ती छोटी सही कशी करतात हे प्रभुलिंगांना माहीत नव्हतं. वेळच आली नव्हती. क्रमांक टाकताना त्यांचे ओठ हलकेच हलत. शेजारच्या टेबलावरचे लोक म्हणत, लिंगायत माणूस आहे, शिवाचं नाव घेतल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

अशा माणसाच्या पोटच्या पोरीनं, दुसरीतल्या संयोगितानं, 'एकोणतीस' सांगितल्यावर ३९ लिहावं!

बरं, एकदा लिहिलं असतं तर सोडून देता आलं असतं. पण चाचणीच्या कागदावर सात 'एकोण' होते आणि सातही चुकले होते. एकोणीसला २९, एकोणतीसला ३९, अशी शिस्तीत चढत चढत ती एकोणऐंशीला ८९ पर्यंत गेली होती. बाकी सगळे आकडे बरोबर. खाली संघप्रिया मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'चूक नियमाने केली आहे. पालकांनी भेटावे.'

"चूक नियमाने केली आहे," प्रभुलिंगांनी मोठ्यानं वाचलं. "हा टोमणा माझ्या नोकरीला आहे."

"तुमची नोकरी मॅडमना कुठं ठाव हाय?" वर्षाराणी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, चपात्या लाटता लाटता म्हणाल्या. "पोरीला जवळ घ्या आनि समजावून सांगा."

प्रभुलिंगांनी पोरीला जवळ घेतलं. समजावून सांगण्यात आपला हातखंडा आहे अशी त्यांची समजूत होती. रोज पंचवीस माणसांना ते 'हा अर्ज इथं नाही, वरच्या मजल्यावर' असं समजावून सांगत, आणि एकानंही कधी उलट प्रश्न विचारला नव्हता.

"बघ संयू. एकोण म्हणजे एक ऊण. चाळीसला एक ऊण, म्हणून एकोणचाळीस."

"ऊण म्हंजे?"

"कमी."

"एकोण म्हंजे एकूण व्हय?"

"एकूण वेगळं. एकूण म्हणजे सगळे मिळून."

"मग एकोण म्हंजे कोण?"

"कोण नाही गं! एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी."

संयूनं विचार केला. पोर बारीक अंगाची, पण विचार करायला लागली की तिच्या कपाळावर आठी पडे. तेवढी मात्र सगळी बापाची. "पप्पा, चाळीस आलंय कुठं अजून? अडतीस झालं. फुडं चाळीस यायचं हाय. जे आलंच न्हाय, त्यातनं एक कमी कसा करायचा?"

मराठी बोलणाऱ्या माणसांनी कैक शतकं बिनबोभाट मोजत आणलेला आकडा, आणि साडेसात वर्षांची पोर त्याला जाब विचारत होती.

"आणि एकोणऐंशीच्या पुढं," त्यांनी विषय वाढवून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, "नव्याऐंशी."

"एकोणनव्वद का न्हाय?"

"काही लोक म्हणतात तसं. पण नव्याऐंशी. आणि मग नव्याण्णव."

"एकोणशंभर का न्हाय?"

आतल्या खोलीतून त्यांच्या आईचा, रत्नव्वांचा आवाज आला. रत्नव्वा मूळच्या सीमेपलीकडच्या. साठ वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात संसार करून झाला, पण दुधाचं माप असो की देवापुढची बेलाची पानं, मोजणं कन्नडच राहिलं. "मूवत्तोंबत्तु म्हण की, सुटलं. मूवत्तु म्हंजे तीस, वंबत्तु म्हंजे नऊ. पोरीला उगंच कशाला पिळतोस?"

"अव्वा!" प्रभुलिंग असे ओरडले की लाटणं थांबलं. "या घरात आकडे मराठीतच मोजायचे. दोन भाषा झाल्या की पोराचं डोकं फिरतं."

रत्नव्वा दारापर्यंत आल्या. त्यांनी लेकाकडं बराच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयूच्या पोटात दुखलं. तिसऱ्या दिवशीही दुखलं. दहाचा ठोका पडून शाळेची वेळ टळली की ते आपोआप थांबे. वर्षाराणींनी ओवा दिला, हिंग लावला, आणि चौथ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, "हे पोटाचं दुखनं न्हाय. पोरगी आकड्याला भ्याली हाय. काल आंब्याच्या फोडी मोज म्हटलं तर ताटच सरकवलं. आज शाळंत जावा. कागदावर तसं लिवलंय."

शाळेत पालकांना बसायला दुसरीच्या वर्गातली खुर्ची मिळाली. तिच्यावर बसल्यावर प्रभुलिंगांचे गुडघे हनुवटीला लागले. या आसनात माणसाला बाणेदारपणानं बोलता येत नाही. संघप्रिया मॅडम मात्र जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं काड्यांचे गठ्ठे होते, दहादहाचे, रबर लावलेले.

"तुमच्या मुलीचं डोकं अगदी बरोबर चाललंय," मॅडम म्हणाल्या. "एकेचाळीसला चार, बेचाळीसला चार, त्रेचाळीसला चार. ऐकू चाळीस येतंय, म्हणून ती चार लिहिते. मग एकोणचाळीसलाच तीन कुठनं आले? पोरं फसतात ती इथंच. म्हणून आता पुस्तकात दोन्ही रीती दिल्यात. आधी गठ्ठे बोलायचे, मग सुटे. तीन गठ्ठे, नऊ सुटे. तीस नऊ. ते पक्कं झालं की एकोणचाळीस शिकतातच."

"तीस नऊ?" प्रभुलिंग म्हणाले. "हे मराठी आहे?"

"तीस मराठी आहे. नऊ मराठी आहे."

हे प्रभुलिंगांना जास्त लागलं. मॅडमनी एक छापील फॉर्म पुढं केला. पोराची उंची, वजन, आवडता खेळ, आणि खाली एक रकाना: घरी बोलली जाणारी भाषा. "नीट भरा हं सर. पोरगी घरात कशात मोजते हे कळलं तर मला बरं पडेल. आजीची बोली वेगळी असेल तर तीही लिहा."

प्रभुलिंगांनी पेन काढलं आणि त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'शुद्ध मराठी'. 'शुद्ध' कुणी विचारलं नव्हतं. फॉर्म देताना त्यांनी मॅडमच्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं आणि खुर्चीतून उठले, तेव्हा खुर्चीही थोडी त्यांच्याबरोबर उठली.

पायरी गल्लीत कुठलीही गोष्ट घरात राहत नाही. गल्ली शुक्रवार पेठेच्या उतारावर, नदीच्या बाजूला. घराला घर लागून आणि घराइतके सल्लागार. संध्याकाळी तालीम मंडळाचे अध्यक्ष दादासो कट्ट्यावर भेटले. "काय हुक्केरी साहेब, पोरगी आकड्यात कच्ची हाय म्हनं? खारका चालू करा. दुधात भिजवायच्या. आमचा पुतण्या दोनदा नापास झालता, खारका चालू केल्या आनि तिसऱ्यांदा..."

"पास झाला?"

"तिसऱ्यांदा शाळाच सोडली की. पर तब्येत बघा त्याची!"

चिमणाबाईंची म्हैस गल्लीच्या तोंडाशीच बांधलेली असे. त्यांनी धार काढता काढता सांगितलं की पोरीला दृष्ट लागली आहे. कुणी म्हणालं अबॅकसचा क्लास लावा. पण खरं काम केलं ते निवृत्त हेडमास्तर विजयसिंह गुरुजींनी. त्यांनी प्रभुलिंगांना ओसरीवर बसवून घेतलं आणि 'तीस नऊ' हे शब्द दोनदा म्हणवून घेतले, डॉक्टर खोकायला लावतात तसे.

"आम्ही पावकी, निमकी, दिडकी पाठ केली," गुरुजी म्हणाले. "आज एकोणचाळीस गेला, उद्या पावणेदोन जाईल, परवा साडेतीनची औटकी. नंतर बोंबलून काय उपयोग? निवेदन द्या हुक्केरी. तुम्ही कचेरीतले. तुमच्या कागदाला वजन आहे."

शेवटच्या वाक्यानं घात केला. प्रभुलिंगांनी चार रात्री, म्हणजे जेवण झाल्यावर झोप येईपर्यंत, निवेदन लिहिलं. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' एवढ्यानंच पहिलं पान भरलं. या चार दिवसांत संयूचं पोट रोज दुखत होतं, पण भाषा वाचवणारा माणूस किरकोळ गोष्टींत अडकत नसतो.

निवेदन घेऊन ते शिक्षणाच्या एका कचेरीत गेले. कचेरीचं नाव सांगत नाही. त्यांनाही पोरंबाळं आहेत. आवक टेबलावर एक तरणाबांड कारकून कानाला फोन लावून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच प्रभुलिंग आवक टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. तिथं उभं राहिलं की टेबल फार उंच वाटतं.

"दोन प्रती पायजेत," कारकून म्हणाला. प्रभुलिंगांनी तीन काढल्या. "आधार जोडा." जोडलं. "साहेब व्हिजिटला हायत." "साहेब नकोत, फक्त पोच द्या." बाकी काही उरलं नाही, तेव्हा कारकुनानं नाइलाजानं शिक्का उचलला. "दोन हजार एकोणसत्तर," असं तोंडानं म्हणाला, शिक्क्यात लिहिलं आणि पोच फेकली. प्रभुलिंगांनी ती न बघताच घडी करून खिशात ठेवली. व्यवसायबंधूवर अविश्वास दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आठ दिवसांनी ते चौकशीला गेले. पोचेवर २०७९ होतं. रजिस्टरात २०७९ समोर नोंद होती, 'पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती जमा करणेबाबत.'

प्रभुलिंगांनी आकडा बघितला, पोच बघितली, आणि रजिस्टरावर बोट ठेवलं. "तुम्ही तोंडानं एकोणसत्तर म्हणालात आणि लिहिलंत एकोणऐंशी. माझा अर्ज सहा-नऊला असेल. मागचं पान उलटा जरा."

"आमच्याकडं अशी चूक होत न्हाय," कारकून म्हणाला.

हेच वाक्य प्रभुलिंग स्वतः एकोणीस वर्षं म्हणत आले होते, याच सुरात, याच तऱ्हेनं मान न उचलता. ते किती वाईट ऐकू येतं हे त्यांना आज कळलं. पण कळलं म्हणून माणूस लगेच सुधारत नाही. घरी येईपर्यंत सगळा दोष संयूवर टाकून ते मोकळे झाले होते. ही चूक लहानपणी काढली नाही तर ती मोठी होऊन टेबलावर जाऊन बसते, असा त्यांनी सिद्धांत काढला. गुरुजींनी उपाय सांगितला, "रोज चारचौघांत आकडा लिहायला लावा. लाजेनं सुधारते."

एव्हाना जुलैचा शेवट आला होता. या दिवसांत कोल्हापुरात माणसं एकमेकांना 'कसं काय' असं विचारत नाहीत, 'किती झालं' असं विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे हे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. एकोणचाळीस ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस ही धोका पातळी, आणि पंचेचाळीसला पाणी दादासोंच्या उंबऱ्याशी येतं, हे पायरी गल्लीचं स्वतःचं गणित. तालमीच्या कोपऱ्यावर काळा फळा होता. रोज सकाळी दादासो त्याच्यावर पातळी लिहीत. प्रभुलिंगांनी ते काम संयूसाठी मागून घेतलं. ते स्वतः फोनवरून पातळी विचारणार, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडून सांगणार, आणि खाली स्टुलावर उभी राहून संयू लिहिणार.

पहिल्या दिवशी पस्तीस. संयूनं ३५ लिहिलं. दादासोंनी टाळी वाजवली आणि पेढा दिला. मग छत्तीस, सदतीस, अडतीस. पोर खुलली. पोटात दुखणं थांबलं. प्रभुलिंग कचेरीत सांगू लागले की शिक्षणशास्त्र म्हणून जे काही असतं ते शेवटी बापाच्या आवाजात असतं.

पाचव्या दिवशी पावसामुळं शाळांना सुट्टी होती. प्रभुलिंग खांद्यावर टॉवेल टाकून गॅलरीत आले आणि ओरडले, "एकोणचाळीस!"

खाली संयूनं मान वर करून बघितलं. तिच्या हातातला खडू हलेना. गल्लीत दूध घ्यायला आलेली पाच-सहा माणसं बघत होती.

"ए-को-ण-चा-ळीस!" प्रभुलिंग आणखी मोठ्यानं ओरडले. मोठ्यानं सांगितलं की सोपं होतं असं सगळ्या बापांना वाटतं. आणि मग पोरीच्या तोंडाकडं, हाताकडं, फळ्याकडं, कशाकडंही न बघता ते अंघोळीला गेले.

संयूनं लिहिलं, ४९ फूट.

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते बाथरूमच्या आतून प्रभुलिंगांना नुसतं ऐकू येत होतं, आणि आज कुठल्या तरी मंडळाची मिरवणूक लवकर निघाली असं त्यांना वाटत होतं. अंग पुसून बाहेर आले तर हॉलमध्ये विजयसिंह गुरुजी स्वतःच्या ट्रंकेवर बसले होते. शेजारी तालमीची दोन मुद्गलं होती, तीन गॅस सिलिंडर होते, कुणाची तरी शिलाई मशीन होती आणि ढिगावर दादासोंच्या आजोबांचा फेट्यातला फोटो होता.

"हुक्केरी, दुसरा मजला देवानं दिला तुम्हांला," गुरुजी कापऱ्या आवाजात म्हणाले.

जिन्यातून दादासोंचा आवाज आला, "वर घ्या, वर घ्या! मागनं ढकला की लेकानु! काल अडतीस, आज एकोणपन्नास! एका रातीत अकरा फूट! वरनं पाणी सोडलंय!" पहिल्या मजल्याच्या वळणावर चिमणाबाईंची म्हैस उभी होती. पुढून चिमणाबाई दाव्याला धरून ओढत होत्या, मागून तालमीचे चार पैलवान रेटत होते. म्हैस मात्र शांत होती. त्या जिन्यात तेवढीच एक शांत होती.

आता कुणी विचारेल, प्रभुलिंगांनी तरी शहाण्यासारखं वागायला नको का? पातळी त्यांनीच सांगितली होती. पण माणूस स्वतःच्या तोंडावर जेवढा विश्वास ठेवत नाही तेवढा लिहिलेल्यावर ठेवतो, आणि प्रभुलिंग तर कचेरीतले. त्यांनी गॅलरीतून फळा वाचला, ४९, आणि मनात म्हणाले, 'बापरे, माझ्या अंघोळीत दहा फूट वाढलं!' त्यांनी कपाटातून महत्त्वाच्या कागदांची फाईल काढून बनियनच्या आत खोचली आणि वर्षाराणींना हंडे भरायला सांगितले.

रत्नव्वा कोपऱ्यात खाटेवर बसून वाती वळत होत्या. "प्रभू, तू वरडून सांगितलास किती?"

"एकोणचाळीस."

"आनि तितं लिवलंय किती?"

प्रभुलिंगांनी पुन्हा बाहेर बघितलं. मग सावकाश आत बघितलं. सिलिंडर, ट्रंक, मुद्गलं. बनियनच्या आतली फाईल एकदम गार लागली.

खाली नदीच्या बाजूनं कुणीतरी पळत आलं आणि ओरडलं की घाटावर पाणी कालच्यापेक्षा एक पायरी चढलंय, बाकी काही नाही. मग दादासो जिन्यातून गल्लीत येऊन गरजले, "मग ह्ये लिवलं कुणी?"

खाटेखालून हुंदका आला. संयू तिथं आत, अगदी भिंतीला टेकून बसली होती. हातात खडू होता, तो घामानं भिजून पांढरा चिखल झाला होता.

"पप्पा, मी शाळंत जाणार न्हाय," ती म्हणाली. "कदीच न्हाय. मला आकडं येत न्हाईत. मी ढ हाय."

प्रभुलिंग खाली वाकून बघत होते. खाली गल्ली वाट बघत होती. 'पोर लहान आहे, चुकली,' एवढं बोललं की संपणार होतं. वाक्य ओठांवर तयार होतं. एकोणीस वर्षांची अब्रू तेवढ्या चार शब्दांत सुखरूप राहणार होती, आणि पोरीचं जे व्हायचं ते झालं असतं.

"तू बी दुसरीत असाच खाटंखाली बसलतास," रत्नव्वा वातीवरची नजर न काढता म्हणाल्या. "कुरुंदवाडच्या घरात. मास्तरनं बाकावर उबा केलता, पोरं 'कानडी, कानडी' म्हणून हसली. आट दिवस शाळंत गेला न्हाईस. मग मी कानडीतच मोजाय शिकवलं. इसरलास? रजिस्टर लिवताना अजून व्हट हलत्यात तुजं. लोकं म्हणत्यात शिवाचं नाव घेतोय. मला ठाव हाय काय घेतोस त्ये."

वर्षाराणींनी हंडा खाली ठेवला. अकरा वर्षांच्या संसारात त्यांनाही हे माहीत नव्हतं. प्रभुलिंगांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आपण त्या बाकावरून अजून खाली उतरलोच नाही, असं त्यांना लख्ख वाटलं, आणि आज आपल्या हातानं पोरीला वर चढवलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

ते गॅलरीत गेले. फाईल बनियनमध्ये तशीच होती.

"दादासो, चूक माझी हाय," ते म्हणाले. जन्मभर जपलेलं 'आहे' कुठं गेलं ते त्यांना कळलंही नाही. "पोरगीला येत नव्हतं हे मला ठाव होतं. तरी चारचौघांत लिवायला लावलं. हसायचं तर मला हसा."

गल्ली हसली. कोल्हापूर आहे, हसा म्हटल्यावर कोण सोडतंय! पण हसून झाल्यावर दादासो म्हणाले, "आवो साहेब, आमच्यातल्या निम्म्यांनी तोंडानं 'एकोणचाळीस का एकोणपन्नास' म्हणत फळा वाचलाय की. कुणालाच पत्ता न्हाय. तुमची पोरगी निदान लिवती तरी."

रत्नव्वा खाटेखाली वाकल्या. "संयव्वा, मूवत्तोंबत्तु बरी." म्हणजे लिही.

खाटेखालून फरशीवर खडू घासल्याचा आवाज आला. प्रभुलिंगांनी गुडघे टेकून बघितलं. ओलसर, वाकडं, पण स्वच्छ लिहिलं होतं, ३९.

"तीन गट्टं, नऊ सुटं," संयू नाक ओढत म्हणाली. "अज्जीचं आनि मॅडमचं सेमच हाय, पप्पा. तुमचंच येगळं हाय."

बापलेक खाली गेले. म्हणजे म्हशीच्या पोटाखालून वाकून, कारण म्हैस अजून वळणावरच होती. फळ्यापाशी संयूनं फ्रॉकच्या टोकानं ४९ पुसायला हात नेला, तेव्हा प्रभुलिंगांनी तिचा हात धरला.

"पुसायचं नाही. आडवी रेघ मार. शेजारी बरोबर लिही. असा नियम आहे."

संयूनं रेघ मारली, शेजारी ३९ लिहिलं. मग प्रभुलिंगांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला लागून छोटी सही केली. सही पहिलीच असल्यामुळं थोडी वाकडी आली.

म्हशीचं मात्र तसं लवकर मिटलं नाही. म्हैस जिना चढते, पण उतरत नाही, ही माहिती कुणालाच नव्हती. ती दोन दिवस पहिल्या मजल्यावर राहिली, दूध तिथूनच वाटलं गेलं, आणि शेवटी आठ पैलवान, तालमीचं एक दार आणि अर्धं पोतं पेंड यांच्या मदतीनं ती खाली आली. त्याच आठवड्यात प्रभुलिंगांना त्या कचेरीचं उत्तर आलं: आपल्या अर्ज क्र. २०७९ अन्वये रिकामी पोती तत्काळ जमा करावीत. त्यांनी ते पत्र म्हशीच्या मालकीणबाईंना दाखवलं. चिमणाबाईंनी एक पोतं खरंच देऊ केलं.

पाणी उतरलं, शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी संयूचं पोट दुखलं नाही. प्रभुलिंग तिला पोचवायला गेले आणि मॅडमकडं तो फॉर्म मागितला. त्याच बुटक्या खुर्चीवर बसून त्यांनी 'शुद्ध मराठी' मधल्या 'शुद्ध' वर आडवी रेघ मारली, पुढं लिहिलं 'आणि कन्नड', आणि छोटी सही केली. या वेळी ती नीट आली.

संघप्रिया मॅडमनी फॉर्म वाचला, हसल्या आणि वर्गात गेल्या. प्रभुलिंग व्हरांड्यात चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "एकोणचाळीस म्हणजे?"

"तीस नऊ!" वर्ग ओरडला.

"आणि संयूच्या आजीकडं?"

बाहेर प्रभुलिंग एक पाय चपलेत आणि एक बाहेर असे थांबले. कुणी हसतंय का ते ते ऐकत होते.

"मूवत्तोंबत्तु!" संयूचा आवाज आला. आणि तिच्यामागून अख्ख्या वर्गाचा, चुकतमाकत, जीभ वळवत, मजा घेत, "मू-वत्-तों-बत्तु!"

प्रभुलिंगांचे ओठ हलले. पण या खेपेला आवाजही आला, आणि तो चांगला मोठा आला, कारण व्हरांडा झाडणाऱ्या मावशी झाडू थांबवून म्हणाल्या, "काय म्हणालासा, पावणं?"

"काही नाही," प्रभुलिंग म्हणाले, "चाळीसला एक कमी."